दिंद्रुडच्या रानात ठणकणारी पोटरी

आधीच सांगून ठेवते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. नव्हता, आणि आजही आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. या सदरातले अनुभव मी वाचते ते जेवताना करमणूक म्हणून... पिंपळ, पांढरी साडी, मागे वळून बघू नकोस वगैरे. मी भूलतज्ज्ञ आहे. माणसं बेशुद्ध करणं आणि त्यांना परत शुद्धीवर आणणं हा माझा रोजचा धंदा. एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या दाराला लिंबू-मिरची बांधलेली असायची. एका उन्हाळ्यात मी त्यातलं ताजं लिंबू काढलं आणि सगळ्या स्टाफला सरबत पाजलं. कुणाला काही झालं नाही, आणि त्या दिवशीच्या सगळ्या केस उत्तम झाल्या.

तर असा माझा स्वभाव. राहते परळी वैजनाथला. थर्मल वीजकेंद्राची राख खिडक्यांवर बसते, ती पुसायचं मी केव्हाच सोडून दिलंय. एका दवाखान्याला बांधलेली नाही. बॅग गाडीत असते, जिकडून फोन येईल तिकडे जाते... परळी, सिरसाळा, माजलगाव. गाडी स्वतः चालवते. ही गोष्ट माजलगावातल्या एका छोट्या खासगी दवाखान्यातली आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या कुणाचीही यात काही चूक नाही.

गोष्ट कळायला माझं काम थोडं कळायला हवं. कंटाळू नका, दोन मिनिटांत उरकते. पायाचं मोठं ऑपरेशन असलं की मी पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेर, एक बारीक नळी सोडते. याला एपिड्युरल म्हणतात. ऑपरेशन झाल्यावर नळी तशीच ठेवायची आणि थोड्या थोड्या वेळाने तीतून औषध देत राहायचं. पेशंट जागा असतो, चहा पितो, गप्पा मारतो... आणि दुखत नाही. आता नुसतं भुलीचं औषध भरपूर दिलं तर पाय ओंडक्यासारखा जड पडतो. म्हणून ते औषध पातळ करायचं आणि त्यात दुसरं एक औषध अगदी थोडं मिसळायचं. मी बहुतेक वेळा क्लोनिडिन मिसळते. आमच्या भाषेत ॲडिटिव्ह. मी शिकाऊ डॉक्टरांना सांगते, की बाबांनो, ही वरणाची फोडणी आहे. वरण पातळ असलं तरी चालतं, फोडणी नीट बसली पाहिजे. थोडी जास्त झाली तर बीपी खाली येतं, थोडी कमी पडली तर पेशंट रात्रभर सगळ्यांना जागं ठेवतो. फोडणीच्या बाबतीत माझा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगायचं तोवर थांबायला मला वेळ नाही.

यात एक धोका मात्र असतो. गुडघ्याखालचं हाड मोडलं की कधी कधी पोटरी आतून फुगत जाते. पोटरीच्या स्नायूंभोवती एक घट्ट आवरण असतं, ते काही ताणत नाही. मग आतला दाब वाढत जातो, रक्त पोचेनासं होतं आणि काही तासांत स्नायू मरतात. पाय कायमचा जातो. त्याची पहिली सूचना म्हणजे दुखणं. भयंकर दुखणं. पायाचा अंगठा नुसता वर ओढला तरी माणूस किंचाळतो. आता बघा गंमत... हे दुखणं ओरडून सांगणार, आणि त्याचं तोंड बंद करायला मी बसलेली. म्हणून अशा केसमध्ये मी औषध पातळच ठेवते, आणि पोटरी हाताने दाबून बघा, असं सिस्टरना बजावते.

सोपान आला तो मोडलेला उजवा पाय घेऊन. चाळिशीचा, काटक, डोक्याला लाल मुंडासं. मूळचे शिरूर कासारकडचे मेंढपाळ. दरवर्षी मेंढरं घेऊन या भागात उतरतात. दिंद्रुडच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. रस्ता ओलांडताना एक मोटारसायकल कळपात घुसली, आणि मेंढरं वाचवायला हा मध्ये गेला. मेंढरं वाचली, याच्या गुडघ्याखालच्या हाडाचे तुकडे झाले. सोबत थोरला भाऊ हरिबा आला होता. बायको सखूबाई रानातच राहिली. नवरा दवाखान्यात आणि बायको मेंढरांत, असं कसं, म्हणून मी हरिबाला जरा टाकूनच बोलले. तो म्हणाला, मेंढरं कुणाच्या भरवशावर सोडायची? ते बरोबरच होतं. कळप काही कुलूप लावून ठेवता येत नाही.

आमचे हाडांचे डॉक्टर मुळे सर. त्यांनी दिवसा उजेडी ऑपरेशन केलं, प्लेट बसवली. थिएटरमध्ये सोपानने मला एकच गोष्ट विचारली.

"मॅडम, पाय चालंल ना? माझं समदं पायावरच हाय."

मी म्हटलं, चालेल. मी असं सहसा बोलत नाही, पण त्याचा चेहरा बघून बोलून गेले. मेंढपाळाचा पाय गेला की कळप विकावा लागतो, आणि कळप विकला की त्याला दुसरं काय येतं? त्यामुळे हा पाय मी जरा मनावरच घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याच दवाखान्यात माझ्या आणखी केस होत्या. आधी त्याला बघायला गेले. दुखतंय का, शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, तर किती, असं मी सगळ्यांना विचारते. सोपान नुसता हसला. परत विचारलं, परत हसला. मग हरिबाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, आमच्यात आपलं दुखणं आपण बोलत नाहीत. का, तर रानात लांडगा असतो. कळपातलं कोणतं जनावर लंगडतंय ते त्याला आधी कळतं. माणसाने "मला दुखतंय" म्हटलं की लांडगा ऐकतो, आणि त्या घराच्या मागे लागतो. म्हणून ज्याचं दुखणं त्याने गप्प बसायचं. बोलायचं ते घरच्या दुसऱ्या माणसाने, तेही जरा लांबून. म्हणजे लांडगा फसतो.

"मग याचं कोण बोलतं?" मी विचारलं.

"सखू बोलती. ती तिकडं हाय ना, मेंढराकडं."

मला हसू आवरेना. वंदना सिस्टर शेजारीच होत्या. त्यांना म्हटलं, या पेशंटचा पेन स्कोअर दिंद्रुडच्या रानातून मागवा. दिवसभर सगळा स्टाफ ते बोलून हसत होता. पण मी नुसत्या हसण्यावर सोडलं नाही. पेशंट बोलणार नसेल तर हाताने बघायला हवं. बोटं हलत होती, पाऊल गरम होतं, पोटरी मी स्वतः दाबून बघितली, मऊ होती. अंगठा ओढला, काही नाही. ठरलेला डोस दिला आणि माझ्या कामाला लागले.

केस संपेपर्यंत दुपार कलली. निघताना हरिबा गाडीपाशी आला. सखूचा मोबाइल सकाळपासून बंद आहे, चार्जिंग संपलं असेल. तुमचा रस्ता तिकडूनच जातो, तर ऑपरेशन बरं झालं एवढं तिला सांगाल का? मला नाही म्हणवलं नाही. खरं सांगायचं तर लांडग्याला फसवणारी ही बाई मला बघायचीही होती.

रान रस्त्यावरून दिसत होतं. कापूस निघालेलं शेत, जाळीच्या वाघुरीत कोकरं, दोन कुत्री. कुत्री भुंकली, पण उठलं कुणी नाही. सखूबाई बाभळीखाली बसली होती, उजवा पाय लांब करून, दोन्ही हातांनी पोटरी आवळून. घामाने चोळी भिजलेली. मी म्हटलं, मी दवाखान्यातली भुलीची डॉक्टर, सोपान बरा आहे, काळजी करू नकोस. तिने माझ्याकडे बघितलं. बरा आहे म्हटल्यावर कुणालाही हायसं वाटतं, तसं तिच्या चेहऱ्यावर काही आलं नाही.

"पोटरी फुटायलीय ह्यांची," ती म्हणाली.

"कुणाची?"

"ह्यांची. दुपारधरून. माझी असती तर बोलले नसते. ह्यांची हाय म्हणून सांगायलेय."

आणि हात होते तिच्या स्वतःच्या पोटरीवर! आता मी काही हातपाय गाळणारी बाई नाही. मला वाटलं, मेंढरांमागे चालून गोळा आला असेल, नाहीतर काटा मोडला असेल, नाहीतर शिरेत रक्ताची गाठ. बसले खाली आणि पाय तपासला. काटा नाही, सूज नाही, लाली नाही, पाऊल गरम, नाडी छान. पोटरी मऊ, अगदी मऊ, कुठे गोळा म्हणून नाही. जिथे मी दाबत होते तिथे तिला काही होतच नव्हतं. मग नुसत्या सवयीने मी तिचा अंगठा धरला आणि वर ओढला.

ती ओरडली नाही. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तिचं सगळं अंग जमिनीवरून उचललं गेलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी इतक्या वर्षांत हजारो माणसांची दुखणी बघितली आहेत. सोंग कुठलं आणि खरं कुठलं ते मला कळतं. हे खरं होतं... आणि अशा मऊ पोटरीत ते असूच शकत नव्हतं.

मी दवाखान्यात फोन लावला. म्हणजे मला काही साक्षात्कार झाला नव्हता. उजवा पाय, पोटरी, अंगठा ओढला की जीव जातो... या तीन गोष्टी एका ठिकाणी ऐकल्या की कुठलाही डॉक्टर फोन लावेल. वंदना सिस्टरनी उचलला. सोपान मजेत आहे, आत्ताच चहा प्यायला, बोटं हलवतोय, सगळं नॉर्मल. मी म्हटलं, फोन कानाला ठेवूनच त्याच्याकडे जा आणि पोटरी दाबून सांगा.

पलीकडे पांघरूण सरकवल्याची खसखस ऐकू आली. मग त्यांचा आवाज आला, एकदम खालचा.

"मॅडम... पाटा हाय नुसता."

पाटा म्हणजे वाटायचा दगडी पाटा. मला जे समजायचं ते समजलं. म्हटलं, मुळे सरांना ताबडतोब बोलवा, नळीतून पुढचा डोस द्यायचा नाही, ड्रेसिंग पूर्ण सोडा, आणि आधी त्याचा अंगठा वर ओढून बघा.

सिस्टरनी ओढला असावा. कारण माझ्या समोर बाभळीखाली सखूबाईचं अंग पुन्हा तसंच उचललं गेलं. मी तिच्यापासून चांगली चार-पाच पावलं लांब उभी होते. फोन माझ्या कानाला होता, स्पीकर चालू नव्हता. तिला काही ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. आणि फोनमध्ये सिस्टर सांगत होत्या की मॅडम, ओढला, पण हा नुसता हसतोय, काहीच म्हणत नाही.

तरीही डोकं जागेवर होतं, त्याचा मला अभिमान आहे. एकदा झालं तर तो योगायोग, माझी शिकवण तशीच आहे. मी सखूबाईकडे पाठ केली, आवाज खाली घेतला आणि सिस्टरना म्हटलं, आता डाव्या पायाचा ओढा. मग वळून बघितलं. ती नुसती बसून होती, हुंदके आवरत. पुन्हा पाठ केली आणि म्हटलं, आता परत उजव्याचा. या वेळी मला बघावंही लागलं नाही. तिच्या शेजारी ठेवलेली मेंढरं हाकायची काठी उडून माझ्या पायाशी येऊन पडली.

याहून जास्त मी काही केलं नाही. ती बाई होती, प्रयोगशाळा नव्हे. तिला म्हटलं, जाते, त्याचा पाय सोडवते. ती म्हणाली, "बिगीनं जा."

गाडी माजलगावच्या दिशेने कशी पळवली ते मला विचारू नका. पोचले तेव्हा मुळे सरांनी थिएटर तयार ठेवलं होतं. सोपान टेबलावर होता आणि त्याला अजूनही काही दुखत नव्हतं. पोटरी चकचकीत, ताणलेली. या वेळी मी नळी वापरली नाही, पूर्ण भूल दिली. म्हटलं, हा उठेल तेव्हा याचा पाय याच्याशी बोलू दे. मुळे सरांनी पोटरीच्या दोन्ही बाजूंनी लांब चिरे दिले आणि आवरण मोकळं केलं. स्नायू एकदम बाहेर फुगून आला. काळपट होता. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिलो. मग तो हळूहळू तांबूस व्हायला लागला, आणि मुळे सर म्हणाले, वेळेवर सापडलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर गेला होता पाय.

सोपान शुद्धीवर आला तेव्हा बाहेर तिन्हीसांज झाली होती. नळीतल्या औषधाचा असर तोवर उतरला होता. त्याने डोळे उघडले, तोंड वेडंवाकडं केलं, आणि म्हणाला, "मॅडम, दुखायलंय. लई दुखायलंय."

हरिबा दचकून दाराकडे बघायला लागला, जणू लांडगा व्हरांड्यातच बसलाय. मला मात्र इतका आनंद झाला की मी सोपानच्या डोक्यावरून हात फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा मी पेशंटचं दुखणं ऐकून खूश झाले होते. पोटरी आतून दुखत नव्हती, वरचे चिरे दुखत होते. अंगठा ओढला तर नुसता कण्हला. हे साधं, सरळ, ज्याचं त्याला झालेलं दुखणं होतं, आणि त्याला माझ्याकडे औषध होतं.

थोड्या वेळाने हरिबाला फोन आला, त्या शेतकऱ्याचा. सखूबाई उठून कोकरांना पाजायला गेली, पाय एकदम मोकळा झाला म्हणते, असं त्याने सांगितलं. केव्हा मोकळा झाला, म्हणून मी विचारायला लावलं. म्हणाला, मघाशी, आमच्या म्हशीचं दूध काढायच्या वेळी. मुळे सरांनी चिरा दिला तो त्याच सुमाराला. पण घड्याळ तिकडे कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळे यावर मी जोर देणार नाही.

मुळे सरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही उन्हात उभ्या होतात. मग म्हणाले, मेंढपाळाची बाई आहे, मोडलेला पाय बांधला की खालचा भाग फुगतो हे तिने मेंढरांत बघितलेलं असणार, काळजीने अंगात भिनलं. मलाही हे पटतं. काळजीने पोटात दुखतं, डोकं दुखतं, पोटरीही दुखेल. पण काळजीला फोनवरच्या सिस्टरचा हात कसा कळतो? उजवा ओढला की डावा, हे कसं कळतं? हे विचारलं की मुळे सर म्हणतात, चहा सांगू का.

सोपानच्या जखमा भरायला वेळ लागला, वर कातडी लावावी लागली. पण पाय राहिला. काही महिन्यांनी दाखवायला आला तो काठी टेकत, जरासा लंगडत, आणि सोबत सखूबाई. या वेळी मेंढरं हरिबाकडे होती. पोटरीवर दोन लांब वण होते. ती त्यांच्याकडे बघून जराही कळवळली नाही, उलट म्हणाली, मेंढरांचे कान कापून ओळख करतात तशी आता याची खूण झाली, हरवला तर सापडंल. सोपान लाजला.

निघता निघता मी तिला एकटीला गाठलं. म्हटलं, सखूबाई, खरं सांग, त्या दिवशी तुला कसं कळलं? तिला वाटलं मी तिची परीक्षा घेतेय. जरा गोंधळली, आणि मग तिने मलाच विचारलं, अगदी मनापासून, लहान मूल विचारतं तसं.

"मला काय म्हाईत, मॅडम. तुमी सुई टोचून ह्यांचं दुखणं काढलं, व्हय ना? मग टाकलं कुठं?"

मी तिला समजावून सांगणार होते. दुखणं काढून कुठे टाकायचं नसतं, ते मेंदूपर्यंत पोचू द्यायचं नसतं, मज्जारज्जूतली वाट अडवायची असते. हे मी आजवर कितीतरी पेशंटना सांगितलंय, चित्र काढून सांगितलंय. तोंड उघडलं, आणि समोर बाभळीखालची ती दिसली... आणि मी सोपानच्या औषधांची चिठ्ठी तिच्या हातात दिली.

फोडणी मी आजही घालते, आणि माझा हात आजही कुणी धरू शकत नाही. लिंबू-मिरचीवरही विश्वास बसलेला नाही. फक्त नळीतून औषध दिलं की राउंडला मी एक प्रश्न जास्त विचारते. नव्या सिस्टर हसतात, हसू देत. पेशंटला विचारते, घरी कोण आहे? आणि त्यांना फोन लावून विचारा, म्हणते, की तुम्हाला कुठं काही दुखत तर नाही ना.